स्टुडिओच्या नव्या कॉम्प्युटरसाठी रॅम: कोणती घ्यावी आणि कशी बसवावी

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. दारव्ह्याजवळच्या गावात तुमचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग चालतं. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि चार स्लॉटचा बी५५० बोर्ड (मदरबोर्ड) घ्यायचं ठरलंय, वेगळं ग्राफिक्स कार्ड सध्या नाही. दुकानदार म्हणतो, "आता १६ जीबीची एकच लाव, मंग वाढवजो." तुमच्या मनात लाइटवाली, ३६०० वेगाची जोडी आहे. जुन्या कॉम्प्युटरमधली ८ जीबी २४०० ची स्टिक (रॅमची पट्टी) पडून आहे, तीही सोबत लावायचा विचार आहे. सगळं स्वतः बसवणार आहात, आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की घरी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

मी हिंगणघाटला कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. आधी उत्तर देतो, कारणं नंतर. १६ जीबीची एकटी स्टिक घेऊ नका. एकाच पाकिटात येणारी दोन स्टिकची जोडी घ्या. पैसे जमले तर १६-१६, नाही तर ८-८. डीडीआर४, ३२००, सीएल १६ पुरेसं आहे (डीडीआर४ हा रॅमचा प्रकार, ३२०० हा वेग, सीएल हा प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचा आकडा). लाइटसाठी एक रुपयाही देऊ नका. जुनी २४०० ची स्टिक या मशीनमध्ये मिसळू नका, ती जुन्या कॉम्प्युटरमध्येच राहू द्या, पावती-बिलाच्या कामाला तो चालेल. आणि त्या झिणझिण्यांचा बंदोबस्त रॅम हातात घ्यायच्या आधी करा.

किती जीबी लागेल हे अंदाजाने ठरवू नका, मोजता येतं. तुमचा नेहमीचा १२ बाय ३६ इंचाचा अल्बम घ्या. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ते पान ३६०० बाय १०८०० पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. एका पिक्सेलला तीन बाइट धरले तरी एक पूर्ण थर ११६ एमबीच्या वर जातो. तुम्ही बॅकग्राउंड, नवरा-नवरीचे चार-पाच फोटो, फुलांची पीएनजी, नावाची अक्षरं असे आठ-दहा थर ठेवता, वर फोटोशॉप मागचे टप्पे लक्षात ठेवतो. एकच पान दीड-दोन जीबीला सहज पोचतं. शेजारी ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप उघडं, एका बाजूला फोटो निवडायचं सॉफ्टवेअर, आणि दोन पानं एकदम उघडी. तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो याच रॅममधून हिस्सा घेतो. म्हणून १६ जीबी लावली तरी विंडोजला सगळी मिळत नाही. 'वापरण्याजोगी' म्हणून त्याहून कमी आकडा दिसतो, आणि तो दोष नाही. प्रीमियर प्रो बनवणारी अडोबी कंपनी स्वतः एचडीसाठी १६ आणि फोर-केसाठी ३२ जीबी सुचवते. तुमचा नवा कॅमेरा फोर-के शूट करत असेल तर ३२ कडेच जा.

अजून खात्री हवी असेल तर सध्याच्या कॉम्प्युटरवर ऐन लग्नसराईतलं काम जसं उघडता तसं सगळं उघडा, टास्क मॅनेजर काढा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि 'कमिटेड' हा आकडा बघा. रॅम भरल्यावर विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकतं. हा आकडा दोन्ही मिळून धरतो, त्यामुळे खरी गरज तिथे कळते. तिथे १४ च्या वर काही दिसलं तर १६ जीबी घेऊन वर्षभरात पुन्हा खर्च करण्यापेक्षा आत्ताच ३२ परवडते.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे. 'मंग वाढवजो' यात त्याचा वाईट हेतू नाही, पुष्कळ मशीनला तो सल्ला चालतोही. तलाठी कार्यालयात किंवा सेतू केंद्रात फॉर्म भरायच्या कॉम्प्युटरला एक स्टिक असो की दोन, कुणाला फरक जाणवत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे, कारण तुमचं ग्राफिक्स रॅमवर जगतं. प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक वाट ६४ बिटची. ३२०० ची डीडीआर४ एका वाटेने सेकंदाला २५.६ जीबी माहिती नेऊ शकते, दोन्ही वाटा चालू असतील तर ५१.२ जीबी. एकच स्टिक लावली की दुसरी वाट रिकामी पडते. टाकी तेवढीच, पण शेताकडे एकच पाइप सोडल्यासारखं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं तर हा तोटा थोडक्यात निभावला असता. ५६००जी च्या आतल्या ग्राफिक्सला मात्र तो थेट बसतो. टाइमलाइनवर व्हिडिओ अडखळतो आणि माणूस प्रोसेसरला नावं ठेवतो.

जोडी घ्यायची ती एकाच पाकिटातली. आज एक आणि सहा महिन्यांनी तशीच दुसरी, असं करायला गेलं तर लेबल तेच असूनही आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. रॅमच्या चिप जगात मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात; आपण ज्या नावाने स्टिक घेतो त्यातल्या बऱ्याच कंपन्या या चिप विकत घेऊन पट्टीवर बसवतात, आणि एकाच मॉडेलमध्ये वेळोवेळी चिप बदलतात. वेगळ्या चिपच्या दोन स्टिक बहुतेक वेळा चालतात, पण एक्सएमपी (रॅम लेबलवरच्या वेगाने चालवायची सेटिंग) चालू केल्यावर अडतात. जोडी म्हणून विकलेली रॅम एकत्र तपासलेली असते, त्या तपासणीचे पैसे आपण देतो.

तुमच्या जुन्या २४०० च्या स्टिकला नाही म्हणण्याचं कारणही यातच आहे. बोर्ड सगळ्या स्टिक एकाच वेगाने चालवतो, आणि तो वेग सगळ्यात हळू स्टिकचा असतो. ३२०० ची नवी जोडी त्या एका स्टिकमुळे २४०० वर येईल, वर दोन्ही वाटांवरचा भारही असमान होईल. आठ जीबी वाढतील खरे, पण तुमच्या मशीनला जे सगळ्यात जास्त लागतं तेच कमी होईल.

३२०० आणि ३६०० मध्ये फार जीव अडकवू नका. वेगाच्या आकड्यासोबत सीएल हा दुसरा आकडा वाचावा लागतो. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, म्हणजे पहिला प्रतिसाद किती नॅनोसेकंदांत येतो ते कळतं. ३२०० सीएल १६ चे येतात १०, ३६०० सीएल १८ चेही १०. साध्या हिरव्या पट्टीची ३२०० सीएल २२ असते, तिचे १३.७५. आतल्या ग्राफिक्ससाठी ३६०० ने थोडा फायदा होतो, म्हणून दोन्हींच्या दरात नावापुरता फरक असेल तर ३६०० सीएल १८ घ्या. पण ३६०० ची ८-८ आणि ३२०० ची १६-१६ यांतून निवडायची वेळ आली तर डोळे मिटून दुसरी घ्या. प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ३२०० च आहे, त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉक, म्हणजे मर्यादेच्या वर चालवणं, धरलं जातं.

एक गोष्ट फार कमी लोक बघतात. ८ जीबीच्या डीडीआर४ स्टिकच्या लेबलवर कधी '१आरएक्स८' लिहिलेलं असतं, कधी '१आरएक्स१६'. पहिल्या प्रकारात आठ चिप असतात, दुसऱ्यात चारच. चार चिपवाली बनवायला स्वस्त पडते, पण तिच्यात बँक ग्रुप (चिपच्या आतले मेमरीचे गट) निम्मे असतात, त्यामुळे त्याच वेगाची असूनही ती कामात मागे पडते. ८-८ घेणार असाल तर दुकानात लेबल वाचा. वर धातूची पट्टी असेल आणि लेबलवर लिहिलं नसेल, तर सीपीयू-झेड सॉफ्टवेअरच्या एसपीडी भागात पार्ट नंबर बघून कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहता येतं.

नंतर चार स्लॉट भरायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: चारही स्लॉट भरले की मेमरी कंट्रोलरवर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) ताण येतो, आणि रायझन बनवणाऱ्या एएमडीने या पिढीसाठी चार स्टिकचा अधिकृत वेग २९३३ किंवा त्याहून खालीच ठेवलाय. अनेक बोर्डांवर चार स्टिक ३२०० ला नीट चालतात, पण ती हमी नाही. १६-१६ घेतली तर हा प्रश्नच येत नाही आणि दोन स्लॉट मोकळे राहतात.

आता पैशाचं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे दर जोरात चढलेत, कारण एआयच्या डेटा सेंटरसाठी या तिन्ही कंपन्यांचा माल तिकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल नावाने किरकोळ ग्राहकांना माल विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी चालू ठेवू असंही कंपनीने सांगितलंय, म्हणून दुकानात पडलेली क्रुशलची जोडी रास्त दरात मिळाली तर घ्यायला हरकत नाही. दर असे चढले की जुन्या आणि बनावट मालाचा सुळसुळाट होतो, आणि आपल्याकडच्या पोरांचे पैसे त्यातच जास्त बुडतात.

ऑनलाइन '१६ जीबी डीडीआर४ निम्म्या दरात' अशी जाहिरात दिसली तर फोटोत लेबल मोठं करून बघा. 'पीसी४-२४००टी' नंतर 'आर' ने सुरू होणारा तुकडा असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आहे. पट्टीच्या मधोमध एक वेगळी चिप दिसते, तीही खूण. ती तुमच्या बी५५० वर चालणार नाही, म्हणजे नाहीच. आपल्याला लागते ती 'यू' वाली. लॅपटॉपची रॅम आखूड असते, डेस्कटॉपच्या स्लॉटला बसत नाही. डीडीआर३ मध्ये 'फक्त एएमडीसाठी' म्हणून ८ जीबीच्या स्वस्त स्टिक विकतात, त्या इंटेलच्या बोर्डावर चालू होत नाहीत. गावात कुणी जुनं मशीन वाढवत असेल तर त्याला सांगा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिन असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून एकात दुसरी बसवायला गेलं तर स्लॉट फुटतो. तुमचा एएम४ सॉकेटचा बोर्ड डीडीआर४ च घेतो, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत मात्र एकाच नावाचे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघालेत, खोक्यावर वाचूनच घ्यावं लागतं.

माल नागपूरहून सीताबर्डीतून आणा की यवतमाळहून, निघण्याआधी बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाच्या पानावर जा. तिथे मेमरीची तपासलेली यादी असते. पार्ट नंबर त्या यादीत असला तर उत्तम. नसला तरी रॅम चालू शकते, पण नागपूरची परत फेरी आपल्याला महागात पडते, म्हणून मी यादीतलीच सुचवतो.

आता झिणझिण्या. पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट अर्थमध्ये सोडायला. घरात अर्थिंग असलं की तो बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसलं की कॅबिनेटचा पत्रा २३० च्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असल्यामुळे माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात, पण चिपसाठी तो निरुपद्रवी नाही. मॉनिटर, कार्ड रीडर, कॅमेऱ्याची केबल लावताना पोर्ट जाण्यामागे हे एक मोठं कारण असतं. तुमच्या स्टुडिओत रोज केबल लावणं-काढणं चालतं, म्हणून तुम्हाला हे जास्त लागू आहे.

रॅम बसवताना 'पॉवरची केबल लावून ठेवा, फक्त बटण बंद करा, म्हणजे कॅबिनेट अर्थ राहतं' असा सल्ला तुम्ही व्हिडिओत ऐकला असेल. जिथे अर्थिंग पक्कं आहे तिथे तो ठीक. तुमच्या घरी तो उलटा पडेल: अनवाणी पाय फरशीवर, एक हात कॅबिनेटला आणि दुसऱ्या हातात रॅम. आपल्याकडे केबल भिंतीपासून पूर्ण काढायची. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते.

अर्थिंग करून घेणं हाच खरा उपाय आहे. वायरमनकडून खड्डा घेऊन रॉड किंवा प्लेट, कोळसा-मीठ टाकून करून घ्या, आणि वायर स्टुडिओच्या प्लगच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत आली आहे का ते तपासा. अनेक घरांत खड्डा असतो आणि वायर मधेच संपलेली असते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून वाळते, तेव्हा अर्थिंग कमजोर पडतं. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी ओतत राहा. अर्थ म्हणून न्यूट्रलला जोड द्यायचा सल्ला कुणी दिला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. न्यूट्रल कुठे तुटला तर कॅबिनेटवर पूर्ण फेज येतो आणि जीव जातो.

स्टॅटिकचाही विचार करा. कोरड्या हवेत टेरिकॉटचा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलं की अंगावर हजारो व्होल्ट साठतात. आपल्याला चटका बसतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे, चिप त्याच्या कितीतरी खाली दुखावते, आणि दुखावलेली चिप त्याच दिवशी मरेलच असं नाही. सुती कपडे घाला. केबल काढलेल्या कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, मगच पाकीट फोडा. पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. खोलीतला हवेचा कूलर त्या वेळेपुरता चालू असला तर चांगलंच, हवेत ओल राहते. मात्र त्याचा झोत टेबलावर नको.

बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी, त्याच्या खोक्यावर ठेवूनच रॅम बसवा. कॅबिनेटमध्ये बसवलेल्या बोर्डाच्या मागे पोकळी असते, दाबताना तो वाकतो. चार स्लॉटपैकी प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा, बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिला-तिसरा भरला तरी मशीन चालू होईल, पण बहुतेक बोर्डांवर तार प्रोसेसरकडून आधी जवळच्या स्लॉटला आणि मग दूरच्याला जाते. जवळचा भरून दूरचा मोकळा ठेवला की उरलेल्या तारेच्या टोकावरून सिग्नल परत येतो आणि जास्त वेगावर चुका होतात. पहिला-दुसरा भरला तर दोन्ही स्टिक एकाच वाटेवर बसतात आणि जोडी घेतल्याचा उपयोगच होत नाही.

स्लॉटच्या टोकाची खिट्टी बाहेर पाडा. काही बोर्डांना एकाच बाजूला खिट्टी असते, दुसरी बाजू पक्की असते, ती उघडायची खटपट करू नका. पट्टीची खाच मधोमध नसते, स्लॉटमधल्या उंचवट्याशी ती जुळली की मगच खाली न्या. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. लागतो त्याहून थोडा जास्तच जोर लागतो असं पहिल्यांदा वाटेल. 'टक' आवाज येऊन खिट्टी आपोआप बंद व्हायला पाहिजे. बोटाने खिट्टी ओढून बंद करणं म्हणजे रॅम अर्धवट बसली आहे. मग डोळा स्लॉटच्या पातळीला आणून बाजूने बघा. सोनेरी दातांची जी बारीक रेघ वर उरते ती दोन्ही टोकांना सारखी हवी. एका टोकाला जास्त सोनेरी दिसलं तर काढून पुन्हा बसवा. अर्धवट बसलेल्या रॅमला वीज दिली की दात काळे पडतात, आणि असा स्लॉट मग सुधरत नाही. प्रोसेसरसोबत आलेला कूलर असेल तर रॅमच्या उंचीची चिंता नाही. मोठा टॉवर कूलर घेणार असाल तर उंच शिंगांची रॅम त्याला अडते. डीडीआर४ १.२ व्होल्टवर, एक्सएमपीला १.३५ वर चालते, तिला मोठ्या हीटसिंकची गरज नाही.

पहिल्यांदा चालू करताना एकच स्टिक ए२ मध्ये ठेवा. पडदा काळा राहिला तर लगेच रॅम खराब ठरवू नका. ५६००जी दुकानात आला २०२१ च्या ऑगस्टमध्ये, बी५५० बोर्ड २०२० च्या जूनपासून आहेत. जुन्या साठ्यातल्या बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, या प्रोसेसरला ओळखत नाही आणि लक्षणं रॅम बिघडल्यासारखीच दिसतात. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर) आणि डीरॅम (रॅम) लिहिलेले छोटे दिवे असतात, कोणता पेटून राहतो ते बघा. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हने घरीच अपडेट होतो, नाही तर दुकानातूनच करून आणा. घरी करणार असाल तर यूपीएसवरच करा, आणि शेतीच्या मोटारी सुरू होऊन व्होल्टेज पडतं ती वेळ टाळा. मधेच वीज गेली तर बोर्ड निकामी होतो.

एका स्टिकवर बायोस उघडला की मशीन बंद करून दुसरी बी२ मध्ये लावा. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, काही बोर्ड त्याला डीओसीपी म्हणतात. हे केलं नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते, आणि अनेकांच्या मशीन वर्षानुवर्षं तशाच चालतात. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरला वेग ३२०० दिसतो का बघा. सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसेल, ते बरोबर आहे: घड्याळ १६०० चं असतं आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते. दुकानदाराने फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका.

यानंतरचं काम बहुतेक जण सोडतात, आणि तुमच्या धंद्यात तेच सोडता येत नाही. विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट८६+ हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन चालू करा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला पुष्कळ तास लागतात, रात्रभर ठेवा. चूक शून्यच पाहिजे. 'हजारात एखादी चालते' असं नसतं. रॅममधली एक चूक कॉम्प्युटर बंद पाडतेच असं नाही. कार्डवरून फोटो कॉपी होताना एखादा बिट पलटतो आणि फोटोचा खालचा अर्धा भाग करडा किंवा गुलाबी पट्ट्यांचा होतो. मंगळसूत्र घालतानाचा फोटो पुन्हा काढता येत नाही. कार्ड फॉरमॅट झाल्यावर हे लक्षात आलेले स्टुडिओवाले माझ्याकडे आलेत, आणि त्यांना परत देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

चूक दिसली तर आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. बंद केल्यावर शून्य आली तर रॅम त्या वेगाला टिकत नाही, आणि ३२०० म्हणून विकली असेल तर बदलून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तरीही चूक येत असेल तर एकेक स्टिक ए२ मध्ये लावून तपासा. दोन्ही स्टिक एकट्याने चांगल्या निघाल्या आणि बी२ मध्येच चूक येत असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसरची वाकलेली पिन बघा. तुम्ही मशीन हिवाळ्यात जोडणार असाल तर मेमध्ये एकदा भर दुपारी पुन्हा तपासणी करा. मेमरीतला विद्युतभार सतत गळत असतो, तो ठराविक वेळाने पुन्हा भरावा लागतो. चिप जितकी तापते तितका तो लवकर गळतो. म्हणूनच ८५ अंशांच्या वर डीडीआर४ ला तो दुप्पट वेळा भरावा लागतो. आपल्या ४५ अंशांच्या दुपारीही रॅम तिथवर पोचत नाही, पण काठावर चालणारी स्टिक अशाच दुपारी उघडी पडते.

पुढे कधी मशीन चालू होईना झालं तर खोडरबर घेऊन रॅम घासायला बसू नका. आपल्याकडे प्रत्येक दुकानात ही सवय आहे. दातांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, रबराने तो झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. बहुतेक वेळा नुसती काढून परत बसवल्यानेच काम होतं, श्रेय रबराला जातं. दात खरंच मळले असतील तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या, चष्म्याच्या कापडाला लावून पुसा, वाळू द्या. स्लॉटमध्ये ब्रश फिरवताना तो कोरडा आणि मऊ हवा. आमच्या तालुक्यात जिनिंगजवळच्या मशीन उघडल्या की स्लॉटमध्ये सरकीच्या तंतूंचा गुंता बसलेला दिसतो; रॅम काढली की तंतू आत पडतो आणि परत बसवताना दात आणि पिनच्या मधे येतो. तुमच्याकडेही कापूस घरात भरत असतील तर मशीन त्या खोलीत ठेवू नका, आणि मोकळ्या स्लॉटवर कागदी टेपची पट्टी हलकेच लावून ठेवा.

बिलावर दोन्ही स्टिकचे सीरियल नंबर दुकानदाराकडून लिहून घ्या. रॅमची वॉरंटी बोर्डापेक्षा पुष्कळदा लांब असते, पण बिलाशिवाय सेंटरवाला हात लावत नाही. बिल थर्मल कागदावर असेल तर एका उन्हाळ्यात ते काळं पडतं किंवा अक्षरं उडतात, म्हणून दुकानातच त्याचा आणि स्टिकवरच्या लेबलचा फोटो काढून घ्या. पाकिटाचं प्लास्टिक फेकू नका, कुरियरने पाठवायची वेळ आली तर स्टिक त्यातच घालून पाठवायची असते.